जेवणाआधी दोन चमचे

रामजी पाईकरावने पायातल्या चपला काढल्या, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि पिशवीच्या तळाशी सारून ठेवल्या. मग तो अनवाणी आत शिरला.

दुकान नवीन होतं. हिंगोलीत अशा तऱ्हेचं पहिलंच. गल्ल्यामागे बसून वाण्याने पुडी बांधून द्यायची, ही पद्धत इथे नव्हती. गिऱ्हाइकानेच फळ्यांमधून फिरायचं, हवं ते उचलायचं आणि जाताना दाराशी पैसे द्यायचे. मालकाने बाहेर ‘सुपर बाजार’ अशी पाटी लावली होती आणि आत चकचकीत फरशी बसवली होती. त्या फरशीमुळेच लोक चपला बाहेर काढत. चपला घालूनच या, असं मालकाने सुरुवातीला सांगून पाहिलं, मग नाद सोडला. आता दाराशी देवळासारख्या चपला पसरलेल्या असत आणि आत कोण आहे ते रस्त्याने जाणाऱ्याला बाहेरूनच कळे. रामजीच्या उजव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला होता. त्याच्या गल्लीतल्या कुणीही ती ओळखली असती.

साबणाच्या फळीपाशी तो बराच वेळ थांबला. एक वडी उचलली, वाचली, ठेवली. दुसरी उचलली. पाटबंधारे खात्यात तो अनुरेखक होता. कालव्यांचे नकाशे पातळ कागदावर उतरवून काढायचे हे त्याचं काम. त्यामुळे बारीक अक्षर वाचायची त्याला सवय होती, आणि अवघडल्यासारखं झालं की तो काहीतरी वाचत उभा राहायचा. दुकानाच्या मागच्या भिंतीला काचेचं एक कुलूपबंद कपाट होतं. त्यात बाटल्या होत्या. तिथपर्यंत जायला मधे फक्त चहाच्या डब्यांची एक रांग होती.

“पाईकराव! जयभीम! इकडं कुठं वाट चुकले?”

कपाटाशेजारच्या स्टुलावर लालसिंग राठोड बसला होता. कुरुंद्याजवळच्या तांड्यावरचा. कळमनुरीच्या वसतिगृहात दोघे एकाच खोलीत राहिलेले. लालसिंग इथे नोकरीला लागल्याचं रामजीला माहीत नव्हतं, नाहीतर तो बहुधा आलाच नसता.

“जयभीम. एक लाल वाइन पाहिजे होती,” तो म्हणाला.

“काय पाहिजे?”

“वाइन. लाल.”

“वाइन?” लालसिंगचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता.

“हळू बोल ना.”

“हळू काहून? साबनाला कान हायेत का?” तो हसला. “परमिट हाय का, का तसाच आलास?”

रामजीने खिशातून परवाना काढला. लालसिंगने तो दिव्याकडे धरून पाहिला.

“डागदरच्या चिठ्ठीवर काढलेला दिसतो. तुला काय झालं?”

“मला काही नाही. मायसाठी.”

लालसिंगच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला आवाज गेला. तो स्टुलावरून उतरला.

“सोजरामायसाठी?”

रामजीने मान हलवली.

“तुला ठाव हाय का,” लालसिंग म्हणाला, “कुरुंद्याच्या गुत्त्यावर तुझ्या मायनं बाया नेल्या व्हत्या, तवा माझा बाप तिथं बसला व्हता. तिनं मडकं फोडलं अन सगळी दारू ह्याच्या धोतरावर. मरेपर्यंत सांगायचा. म्हनायचा, बाई व्हती का वीज व्हती.”

“ठाऊक आहे.”

“अन तिला तू हे पाजनार?”

“औषध म्हणून.”

“तिला सांगितलं?”

रामजीने कपाटातल्या बाटल्यांकडे पाहिलं. लालसिंगने किल्ली काढून कुलूप उघडलं.

सोजराबाईला मुदतीचा ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना भूक घेऊन गेला. भाकरीचा वास आला की ती तोंड फिरवी. वरणाचं पाणी दोन घोट घेई आणि पातेली सरकवून देई. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या होत्या. डॉक्टर कादरी निजामाच्या काळापासून हिंगोलीत होते. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि रामजीला बाहेरच्या बाकावर नेलं. “बुखार तो गया,” ते म्हणाले, “अब भूक को बुलाना है. नाहीतर हा उन्हाळा कठीण आहे.” मग त्यांनी सांगितलं की ते शिकत होते त्या दवाखान्यात स्पेनच्या सिस्टर होत्या. अशक्त बाळंतिणीला आणि म्हाताऱ्यांना त्या जेवणाआधी दोन चमचे लाल वाइन द्यायच्या. स्पेनचीच. गोड नाही, तुरट. “मिळाली तर बघा. दवा समझके दो.”

रामजी बौद्ध विहाराच्या समितीचा चिटणीस होता. मद्य घेणार नाही, हे पाचवं शील त्याने आईच्या मांडीवर बसूनच शिकलेलं होतं. त्याचा बाप ग्यानोबा दारूने गेला होता, आणि सोजराबाईने ते शील नुसतं पाठ केलं नव्हतं. पण डॉक्टरांच्या बाकावर त्याने एवढंच विचारलं की असली बाटली मिळते कुठे.

“ही बघ,” लालसिंग म्हणाला. त्याने तीन बाटल्या फळीवर मांडल्या. “ही पोर्ट. सगळे हीच नेतात. गोड हाय, सरबतावानी.”

“गोड नको म्हणाले.”

“मंग ही. ही स्पॅनिश.”

बाटलीवर मोठी टोपी घातलेला, सतार वाजवणारा माणूस होता. निदान ती सतारच असावी असं रामजीला वाटलं. त्याने बाटली फिरवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि तळाशी छापलेली ओळ वाचली.

“ही हैदराबादला भरलीय.”

“भरली असंल. मानूस तर स्पेनचा हाय ना?”

“आणि ही तिसरी?”

तिसरी बाटली धुळीने मढली होती. लालसिंगने ती सदऱ्याच्या बाहीने पुसली. कागद पिवळा पडलेला, चित्र साधं. टेकडी, टेकडीवर वेलांच्या रांगा. रामजीने अक्षरं लावली. सगळं त्याला समजलं नाही, पण स्पेन हा शब्द समजला आणि हैदराबाद कुठेच नव्हतं.

“ही खरी,” तो म्हणाला.

“खरी हाय म्हनून तर पडून हाय.” लालसिंगने बाटली हातात तोलली. “मालकानं हैदराबादच्या कुठल्या क्लबाच्या लिलावात पेटी घेतली. दुकान उघडलं तवापासून इथंच. ज्यानं नेली तो दुसऱ्यांदा आला न्हाई. आंबट लागते म्हनतात. अन दोन गिलास पिऊन बी मानूस सरळ चालते. मंग पैसे कशाला घालवायचे?”

“महाग असेल.”

“व्हती. आता मालक म्हनतो, जी किंमत येईल ती घे अन कपाट मोकळं कर.” त्याने आकडा सांगितला. तो पोर्टपेक्षाही कमी होता.

रामजीला एकदम संशय आला. स्वस्त मिळालं की त्याला नेहमीच संशय येई.

“बिघडली तर नसेल?”

“चाखून बघ की.”

रामजी अर्धं पाऊल मागे सरला. लालसिंगच्या लक्षात आलं.

“बरं, मी बघतो. पन उघडली की न्यावी लागंल.”

त्याने खिशातला पेचकस बुचात फिरवला आणि सावकाश ओढला. बूच अर्धं निघालं, मग पूर्ण. त्याने तळहातावर चार थेंब घेतले, जिभेवर टाकले आणि छताकडे पाहत उभा राहिला. चहाच्या डब्यांपलीकडे कुणीतरी बाई तेलाचा भाव विचारत होती. रामजीने मान खाली घातली.

“जांभूळ,” लालसिंग म्हणाला. “पिकलेलं जांभूळ अन मागून जरा चिंच. चांगली हाय रे. मला वाटलं नव्हतं.” त्याने बूच दाबून बसवलं आणि बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली. “माय बरी झाली की सांग मला. अन सांगितलंस तर, ती काय म्हनली ते बी सांग.”

रामजीने ती पिशवीत चपलांशेजारी ठेवली, वर साबणाची वडी टाकली आणि दाराशी दोन्हींचे पैसे दिले.

घरी त्याची बायको पद्मा चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. बाटली पाहिली तेव्हा तिचा हात थांबला नाही. परवाना काढला तेव्हापासून तिला माहीत होतं. रामजीने खोकल्याच्या औषधाची एक रिकामी शिशी गरम पाण्याने धुतली, फडक्यावर उलटी घातली आणि ती वाळेपर्यंत शेजारी बसून राहिला. मग मोठ्या बाटलीतून लहान शिशीत धार धरली. नकाशावर शाई भरताना धरावा तसा त्याने श्वास धरला होता. एक थेंबही सांडला नाही.

“आत्याबाईला फसवून राहिले तुमी,” पद्मा म्हणाली.

“फसवायचं काय त्यात? डॉक्टरने दिलेलं औषध आहे.”

“औषध हाय तर बाटली काहून बदलली?”

रामजीने शिशीचं झाकण लावलं. मोठी बाटली त्याने आतल्या खोलीत नेली आणि ट्रंकेत लोकरी कपड्यांखाली आडवी ठेवली. परत आला तेव्हा पद्मा तव्यावरची भाकरी उलटत होती.

“मी काही बोलनार न्हाई,” ती म्हणाली. “पन मला इचारलं त्यांनी तर मी खोटं सांगनार न्हाई. आधीच सांगून ठेवते.”

“तुला नाही विचारणार.”

“न्हाई इचारलं तर बरंच हाय.”

सोजराबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. रामजीने चमचा भरला आणि दुसरा हात तिच्या हनुवटीखाली धरला, लहान मुलाला पाजताना धरतात तसा. तिने तोंड उघडलं. औषध आत गेलं आणि तिने ते लगेच गिळलं नाही. गालात धरलं. मग तिच्या गळ्याची शीर हलली.

“कडू हाय?” त्याने विचारलं.

“तुरट हाय.”

“अजून एक चमचा.”

तिने तोही घेतला. पदराने ओठ टिपले, पदर नाकाशी एकदा धरला आणि खाली सोडला.

“डागदरनं दिलं हे?”

“व्हय.”

“मुसलमान डागदरनं?”

“व्हय, कादरी डॉक्टरनंच.”

“बरं,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “त्याला तरी काय, त्यांच्यात बी चालत न्हाई.”

“काय चालत न्हाई?”

“काही न्हाई. भाकर आन.”

पद्माने वरणात चुरलेली भाकरी आणली. सोजराबाईने तीन-चार घास खाल्ले. पाचव्याला थांबली, पण ताट सरकवलं नाही. मांडीवर धरून बसून राहिली आणि मग आणखी एक घास घेतला. रामजी उठून अंगणात गेला. उगाचच त्याने रांजणावरचं झाकण काढलं, पाणी पाहिलं, झाकण ठेवलं. तो घास मोजत होता हे आईला दिसू नये, असं त्याला वाटलं असावं.

पुढच्या दिवसांत तिने पाव भाकरी खाल्ली, मग अर्धी. सकाळी उन्हाला जाऊन बसू लागली. एकदा पद्माच्या भाजीत मीठ कमी पडलं म्हणून बोलली, आणि पद्माने ते रामजीला अशा काही आनंदाने सांगितलं की त्याला हसू आलं. दोन्ही वेळेला जेवणाआधी तो ऑफिसातून किंवा अंगणातून हात धुऊन येई, शिशी काढी आणि चमचा भरे. सोजराबाई डोळे मिटून घेई. शिशी संपली की तो दुपारी, ती झोपल्यावर, ट्रंक उघडून भरून ठेवी. ट्रंकेची कडी वाजू नये म्हणून तिच्याखाली बोट घालायचं, हे त्याला सवयीचं झालं.

आपण योग्य करतो आहोत की नाही, हा विचार तो करत नव्हता असं नाही. पण आईच्या गालावर मांस दिसू लागलं होतं, आणि त्यापुढे तो विचार फार वेळ टिकत नसे.

जनकाबाई रोज बघायला यायची. ती आणि सोजराबाई एकाच गावच्या, एकाच दिवशी दीक्षा घेतलेल्या. गुत्त्यावर गेलेल्या बायांमध्ये दुसरा नंबर तिचा. तिला एकही दात राहिला नव्हता आणि बोलणं मात्र थांबत नसे.

“काय ग सोजरे,” एका संध्याकाळी ती खाटेच्या कडेला बसत म्हणाली, “गाल लाल होऊन राहिले तुझे. पुन्हा लगीन लावायचं का?”

“लाव की. नवरा बघ आधी. दारुडा नको.”

“तसला आता कुठून आनू? सगळे तसलेच उरले.” जनकाबाई हसली आणि रामजीच्या हातातल्या शिशीकडे पाहू लागली. “हे व्हय ते औषध? रंग तर बघा माय. रामजी, मला बी दे की दोन चमचे. मला बी भूक लागत न्हाई.”

“तुला भूक लागत न्हाई?” सोजराबाई म्हणाली. “काल पद्मीच्या हातच्या तीन भाकरी कोनी खाल्ल्या?”

“अर्धा चमचा दे. नुसती चव बघते.”

रामजी गोंधळला. त्याने चमचा अर्धवट पुढे केला. सोजराबाईने त्याचं मनगट धरलं. हात अजून अशक्त होता, पण पकड घट्ट होती.

“तिला द्यायचं न्हाई,” ती म्हणाली.

“अगं माय, एवढी कंजुशी? दवाखान्यात पैसे मी भरते.”

“पैशाचं न्हाई. ते माझ्या नावाचं हाय. मलाच घ्यायचं हाय.”

“ऐक, ऐक,” जनकाबाई पद्माला म्हणाली, “म्हातारपनी दवाईवर बी मालकी सांगून राहिली ही.”

पद्मा हसली नाही. तिने जनकाबाईला चहा करून दिला. रामजीला वाटलं, आजारी माणसं अशी हट्टी होतातच.

पौर्णिमेपर्यंत सोजराबाई काठी न घेता परसात जाऊन येऊ लागली. विहारात जायचं म्हणाली तेव्हा रामजी नको म्हणाला, उन्हं उतरल्यावर गार वारा सुटतो म्हणाला. तिने ऐकलं नाही. पद्माने तिला पांढरं लुगडं नेसवलं. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून तिला गल्लीतून नेलं. दारादारातून लोक बाहेर आले. आजी आली, आजी उठली, असं पुढे पुढे पोहोचत गेलं.

विहार म्हणजे पत्र्याचं छप्पर घातलेली एक लांब खोली. मूर्तीपुढे मेणबत्त्या लावलेल्या, उजवीकडे बाया, डावीकडे पुरुष. वस्तीत भन्ते क्वचितच येत. वंदना सोजराबाई सांगायची आणि बाकीचे तिच्यामागून म्हणायचे. ही पद्धत कशी पडली ते कुणालाच नीट सांगता आलं नसतं. वाचता येत नसताना सगळं पाठ करणारी ती पहिली होती, एवढंच. ती आजारी असताना दोन वेळा लोकांनी एकत्रच म्हटलं होतं आणि मधेच चुकले होते.

आज तिला सगळ्यांच्या पुढे चटईवर बसवलं. तिने हात जोडले. आवाज बारीक निघाला, पण एक-एक शब्द सुटा होता. त्रिशरण झालं. मग पंचशील. जिवाची हिंसा न करण्याचं पहिलं. न दिलेलं न घेण्याचं दुसरं. व्यभिचार न करण्याचं तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. प्रत्येक शील ती म्हणायची, थांबायची, आणि मागून सगळ्यांचा आवाज यायचा. पुरुषांच्या बाजूचा सूर चिटणीस म्हणून रामजीने धरायचा, अशी रीत होती. चौथं शील त्याने नेहमीसारखंच मोठ्याने म्हटलं.

सगळे पाचव्याची वाट पाहत थांबले. सोजराबाई बोलली नाही.

मेणबत्तीची वात तडतडली. कुणीतरी खाकरलं. रामजीने डोळे उघडले. आईचे हात जोडलेलेच होते, पाठ ताठ होती आणि दम लागल्यासारखी ती मुळीच दिसत नव्हती. तिने मान थोडी वळवून शेजारी पाहिलं.

“जनके,” ती म्हणाली, “हे पुढचं तू म्हन.”

“दमलीस व्हय?” जनकाबाई कुजबुजली.

“तू म्हन.”

जनकाबाईने पाचवं शील म्हटलं. बिनदातांच्या तोंडातून शब्द घरंगळले, पण आवाज मोठा होता आणि लोकांनी तो उचलला. सोजराबाईचे ओठ हलले नाहीत. पद्माने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. पुरुषांच्या बाजूचा आवाज या वेळी जरा पुढे-मागे झाला. चिटणीसांनी सूर धरला नव्हता. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. म्हातारीला त्रास झाला, एवढंच सगळ्यांना वाटलं, आणि मागून कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

परतताना सोजराबाईच बोलत होती. कुरुंद्याला आता हळद शिजवायला घेतली असेल म्हणाली. पद्माला विचारलं, माहेरी कधी जाणार. खांबावरचा दिवा बंद होता, तर ह्याची तक्रार कोण करतं, असंही विचारलं. रामजी तिचा दंड धरून चालला होता. दंड त्याच्या हातात भरत होता, महिन्यापूर्वी भरत नव्हता. दोनदा त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा समोरून कुणीतरी जयभीम घातला.

घरी पद्माने चूल पेटवली. भाकऱ्या झाल्या, ताटं वाढली. सोजराबाई आज खाटेवर न बसता खाली पाटावर बसली. रामजी तिच्यासमोर बसला आणि ताटातल्या भाकरीचे तुकडे करू लागला. शिशी कोनाड्यातच होती. तो उठला नाही.

“औषध?” सोजराबाई म्हणाली.

“आज राहू दे, माय.”

“काहून?”

पद्मा चुलीतलं लाकूड मागे ओढत होती, ते ओढतच राहिली.

“माय,” तो म्हणाला, “मी तुला सांगायला—”

“भाकर निवून राहिली,” सोजराबाई म्हणाली. “डागदरनं किती दिवस सांगितलंय?”

“ते संपेपर्यंत.”

“हे खरं?”

“व्हय. हे खरं.”

“मंग आन की.”

रामजी उठला. कोनाड्यातली शिशी त्याने उचलली. ती रिकामी होती. विहारात जायच्या गडबडीत दुपारी भरायची राहून गेली होती. शिशी हातात धरून तो उभा राहिला. सोजराबाईने त्याच्याकडे वर पाहिलं.

“मोठीच आन,” ती म्हणाली. “लहानीत काहून भरत बसतो? सारखी उघडझाक करून आंबट होऊन राहिली ती.”

तो आतल्या खोलीत गेला. कडी मोठ्याने वाजली. त्याने लोकरी कपड्यांतून बाटली काढली आणि आणून आईच्या ताटाशेजारी ठेवली. कागदावरची टेकडी आणि वेलांच्या रांगा चुलीच्या उजेडात दिसत होत्या. ती थोडा वेळ चित्राकडे पाहत राहिली. रामजीने चमचा भरायला हात पुढे केला, पण तिने चमचा त्याच्या हातातून घेतला. बूच स्वतः काढलं. दोन चमचे भरले, एकामागून एक घेतले, आणि तोंड वाकडं केलं. मग बूच घट्ट दाबून बसवलं आणि ताट पुढे ओढलं.